गुऱ्हाळाच्या वाफेत : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

पाऊस अजून हटत नाही. तरी ठरवून टाकलं. या हंगामात एकच गुऱ्हाळ, एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं, आणि सगळं फिल्मवर. डिजिटल घरीच राहील. ते माझ्या पोटापाण्याचं साधन. लग्नात दिवसाला तीन-चार हजार फ्रेम मारायच्या आणि रात्री त्यातल्या दोन-अडीच हजार उडवायच्या, यात बोटं झिजतात, पण डोळ्याला काही काम उरत नाही.

सामान बाहेर काढलं. बाबांचा याशिका मॅट १२४ जी, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा कॅमेरा. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. खालच्या फळीवरच्या लेन्स, निगेटिव्हचे डबे, सगळं गेलं. निगेटिव्ह एकमेकांना चिकटून पापडासारखे झाले होते. हा कॅमेरा तेवढा माळ्यावर होता म्हणून वाचला. उजेड मोजायचा मीटर मेलेला आहे, बाकी ठणठणीत. एका रोलात १२ फोटो. रोल हजार रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे एकदा खटका दाबला की शंभराची नोट गेली, असा हिशोब धरायचा.

दुसरा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, ५० मिलिमीटर एफ १.४ ची सुपर टाकुमार लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). जुन्या बाजारातून घेतलेली. काच चहासारखी पिवळी.

२७ ऑक्टोबर

टाकुमार गच्चीवर ठेवली. त्या काळात या लेन्सच्या काचेत थोरियम घालत. त्याने काचेचा वक्रीभवनांक वाढायचा, पण वर्षं गेली की काच पिवळी पडते. उपाय फुकटचा आहे : ऊन. अतिनील किरणांनी पिवळेपणा हळूहळू उतरतो. बाहेरून चांदीचा कागद गुंडाळला, नाहीतर आतलं ग्रीस वितळून पात्यांवर येईल. मागची काच आभाळाकडे केली आणि ताटात ठेवली.

आई वर आली. "सांडग्यांच्या दिवसात का नाही ठेवलंस? एकदमच वाळलं असतं."

खरं तर कृष्णधवल रोलला पिवळी लेन्स काही वाईट नाही, फिल्टर फुकट मिळतो. आभाळ जरा गडद येतं. पण अर्धा-पाऊण स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि गुऱ्हाळाच्या अंधारात तो मला परवडणार नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा

शाहू मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे. फेटे, हळद-कुंकू लावलेल्या ढेपा, मोबाईल वर धरलेले शंभर हात. त्या गर्दीत मी मान खाली घालून याशिकाच्या काचेत बघत उभा. तीन फ्रेम घेतल्या, तिन्हीत कुणाची तरी कोपरं. हे माझं काम नव्हे, बातमीवाल्यांचं आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर माईकवरून भाषण झालं. मला ढेप जिथं जन्मते तिथं जायचं आहे. एका व्यापाऱ्याने प्रयाग चिखलीच्या रस्त्यावरच्या गुऱ्हाळाचा पत्ता दिला.

९ नोव्हेंबर

पहिली भेट. कॅमेरा पिशवीत ठेवला, बाहेर काढला नाही. मालक म्हणाले, "फोटो काढा की, कोण नको म्हणतंय." पण मला अगोदर एक आदण, म्हणजे एका खेपेचा रस उकळून गूळ होईपर्यंतचं काम, पुरं बघायचं होतं.

घाणा मोटरीवर. रस पाटातून काहिलीत. काहील म्हणजे अंगणभर पसरलेली परातच. खाली चुलवण, त्याच्या तोंडाशी खड्ड्यात बसलेला जळव्या वाळलेलं चिपाड मुठीमुठीने आत सारतोय. रस तापला की भेंडीचं पाणी घालतात, मग मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. पुढे दोन-अडीच तास उकळी.

गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारे गुळव्या मामा सत्तरीच्या घरातले. काहिलीच्या कडेला उभे राहून नुसतं बघत होते. मी विचारलं, "मामा, काय बघता?"

"बुडबुडं. पाणी हाय तवर मोठं मोठं येत्यात, भसाभसा. पाणी सरलं की बारीक हुत्यात, जड पडत्यात. मग इचारायचं त्याला."

विचारायचं म्हणजे काय ते शेवटी दिसलं. उलथन्याने चार थेंब पाण्याच्या वाटीत टाकले, पाण्यातच बोटांनी गोळा केले, गोळी बाहेर काढून काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण आवाज आला. "उतरा!" सगळे धावले. गूळ उतरवायचं तापमान ११६ ते ११८ अंशांच्या घरात असतं, हे मला पुस्तकातून माहीत. मामांच्या खिशात थर्मामीटर नव्हता, चष्मासुद्धा नव्हता.

मी घरी फिल्म डेव्हलप करताना अर्ध्या अंशासाठी थर्मामीटरकडे डोळे लावून बसतो, ते आठवून जरा ओशाळलो.

१९ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्या धंद्याला सुरुवात झाली. सकाळी साखरपुडा उरकून दुपारी गुऱ्हाळावर.

रोल भरत होतो. १२० च्या रोलाला मागे कागद असतो, शेवटी डिंकाची पट्टी, ती जिभेने ओली करून चिकटवायची. मामा बघत होते. "इडी वळतायसा काय पाव्हणं?"

याशिकाचा मोठा फायदा आज कळला. डोळ्याला कॅमेरा लावला की समोरचा माणूस ताठ होतो, सदरा नीट करतो. इथं कॅमेरा पोटाशी, मी मान खाली घालून उभा. जळव्याने बराच वेळ वाट बघितली आणि विचारलं, "नमस्कार कुणाला घालताय? फोटू कवा काढणार?" तोवर चार निघाले होते. शटर लेन्सच्या आतच असल्याने आवाज टिकलीएवढा.

घोळ एकच. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मामा डावीकडे सरकले की मी कॅमेरा चुकीच्या बाजूला फिरवतो. बाबा हे आयुष्यभर कसं करत होते कोण जाणे.

२० नोव्हेंबर

जिन्याखालच्या डार्करूममध्ये दोन रोल धुतले. एचपी५ प्लस फिल्म, आयडी-११ डेव्हलपर पाण्यात एकास एक, १३ मिनिटं, २० अंश. नळाचं पाणी २४ वर होतं. टबात बर्फाचे खडे टाकून खाली आणलं. टाकी उलटीपालटी करताना घड्याळाकडे बघायचं, आणि बाहेर आई कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. दोघांचाही एकेक आकडा चुकला.

निगेटिव्ह उजेडात धरले आणि निराशा. वाफ राखेसारखी करडी. माणसांच्या जागी नुसती कोरी फिल्म.

चूक माझीच. फोनवरच्या मीटरने वाफेवर नेम धरला होता. मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. पांढऱ्या वाफेलाही तो करडीच करून सोडतो. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी हेच सांगितलं होतं, बर्फाच्या फोटोवरून. कोल्हापुरात बर्फ कुठं पडतो म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर

दुरुस्ती. वाफेच्या सगळ्यात दाट भागाचं माप घ्यायचं आणि तिथून दोन स्टॉप उघडायचं. मग वाफ पांढरी होते आणि शेडच्या आतल्या माणसांनाही थोडा उजेड मिळतो. पण इतका उजेड दिला की निगेटिव्हमध्ये पांढरं दगडासारखं घट्ट होतं, म्हणून धुताना वेळ सहाव्या हिश्श्याने कमी. १३ ची ११ मिनिटं.

आकडे : ट्रायपॉडवर, एफ ४, एक-तिसांश सेकंद. ढवळणारे हात हलतात. हलू देत.

रात्री धुतले. वाफ आली. टाकीतून काढलेली ओली पट्टी पहिल्यांदा बल्बसमोर धरतो तो क्षण... सगळं उलटं, वाफ काळी, अंधार पारदर्शक, आणि त्या काळ्यातही थर दिसत होते : चुलवणावरून सरळ उठलेली वाफ, वर पत्र्याला आपटून परतलेली, दारातून आलेल्या उन्हाने कापलेली. झोप आली नाही. पट्टी दोरीवर टांगली होती, तीनदा उठून बघून आलो.

१ डिसेंबर

पहाटे लवकर निघालो. पन्हाळ्याच्या बाजूला धुकं, नदीकाठच्या उसाला तुरे आलेले. सूर्य तुऱ्यांच्या मागे. टाकुमारचा पिवळेपणा पाच आठवड्यांत बराचसा उतरला, आता लिंबाच्या पन्ह्याएवढा आहे. एफ १.४ वर एक तुरा स्पष्ट ठेवला, बाकी सगळे विरघळले. एकच फ्रेम. गोड आहे, फार गोड. अशा फोटोंचा एक दिवस कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, तरी काढला.

१० डिसेंबर

मित्राने त्याचा निकॉन एफएम२ आणि ५५ मिलिमीटरची मायक्रो निक्कोर दिली. "ही लावून बघ, मग तुझ्या म्हाताऱ्या काचा विकून टाकशील."

लेन्स खरोखर हातात धरायला सुख आहे. फोकसची रिंग तुपातून फिरावी तशी फिरते, कुठे अडत नाही, कुठे सैल नाही. एकाच जागी ट्रायपॉड, एकच आदण, एकाच जातीचा रोल दोन्ही कॅमेऱ्यांत. निक्कोर आणि टाकुमार, आलटून पालटून. विषय जळव्या : खड्ड्यात बसलेला, मागे दाराचं रखरखीत ऊन, मध्ये वाफ.

११ डिसेंबर

निकाल बघितला आणि दुपारभर विचार करत बसलो.

निक्कोरमध्ये चिपाडाची काडी न् काडी मोजता येते. उन्हात वाळत घातलेल्या ढिगाऱ्याचा पोत बोटाला टोचेल असा. पण जळव्याचा चेहरा नाही. काळा. तिथं फिल्मवर काही उमटलंच नाही. टाकुमारमध्ये सगळ्यावर एक पातळ दुधाळ पडदा आहे, दाराची कड थोडी सांडलेली आहे, आणि चेहरा आहे. गालाचं हाड, कपाळावर घामाची रेघ.

गंमत अशी की यात जादू काही नाही. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा उजेड परततो आणि आतल्या आत भटकतो. जर्मनीतल्या झाईस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. नंतरच्या लेन्सवर असे अनेक थर आले. माझी टाकुमार एका थराच्या जमान्यातली. समोरून ऊन आलं की तिच्यात उजेड भटकतो आणि सगळ्या फ्रेमवर सारखा शिंपडला जातो. उजळ भागाला त्याचं काही नाही, पण अंधाऱ्या भागात फिल्म उंबरठ्याच्या जरा खाली झोपलेली असते. त्या शिंपडलेल्या उजेडाने ती उंबरठ्यावर येते, आणि चेहऱ्यावरून आलेले चार किरण तिला जाणवतात. बाबांच्या पिढीतले लोक प्रिंटमधल्या कोऱ्या पांढऱ्या भागांत तपशील आणायला कागदाला आधी किंचित उजेड दाखवत, तसलाच प्रकार.

मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोष आहे तोच गुण?" मी म्हटलं, समोर ऊन असेल तर. ऊन पाठीमागे असेल तर तुझीच भारी. लेन्स परत दिली. दोन दिवस हाताला चुकल्यासारखं वाटलं.

१७ डिसेंबर

आजचं दुःख लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

मामांनी गोळी केली, बोटांत धरून उजेडात बघितली. मी याशिका घेऊन एक मीटरवर, कॅमेरा जितका जवळ जाऊ शकतो तितका. काचेत फ्रेम इतकी बरोबर होती की श्वास रोखला. बोटं अगदी वरच्या कडेला, खाली वाटीतलं पाणी, मागे वाफ. टिक.

धुतल्यावर बघतो तर मामांना बोटांची टोकंच नाहीत. आणि गोळी टोकांतच होती.

या कॅमेऱ्याला दोन लेन्स : वरची बघायला, खालची फोटो घ्यायला. लांबच्या वस्तूला फरक पडत नाही. एका मीटरवर मात्र खालची लेन्स जरा खालचं जग बघते. काचेत जे वरच्या कडेला आहे, ते फोटोत कापलं जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून माहीत होतं. बाबा तर जवळचा फोटो घेताना फ्रेम धरून झाली की ट्रायपॉडचा दांडा दोन बोटं वर करायचे. मी समजायचो ही त्यांची लकब आहे.

कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहिलं : "जवळ = दोन बोटं वर."

२३ डिसेंबर

गुळाचा रंग कृष्णधवलमध्ये येत नाही म्हणून मधे एक रंगीत रोल काढला होता. रंगीत धुणं मी घरी करत नाही, म्हणून मोठ्या शहरातल्या एका लॅबला कुरियरने पाठवला. आज परत आला. पट्ट्या कापताना त्यांनी कात्री फ्रेमच्या मधोमध चालवली आहे. सातव्या फोटोत ढेपेचे दोन तुकडे. फोन केला तर म्हणे, "सर, स्कॅन तर मिळाले ना?" स्कॅन मिळाले. निगेटिव्ह म्हणजे आमच्याकडे सातबारा, हे त्या पोराला कसं सांगू.

रंगीतचा नाद सोडला.

२ जानेवारी २०२५

पौष लागला, लग्नं थांबली. आता हाताशी भरपूर दिवस आहेत. थंडीही बरी.

सकाळी सातला पोचलो आणि उत्साहात कॅमेरा काढला. गार काच, गरम दमट शेड. पुढची काच क्षणात दुधाळ. रुमालाने पुसली, पुन्हा आली. चूक. कॅमेरा बंद पिशवीतच शेडमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, आतली काच खोलीएवढी कोमट होऊ द्यायची, मग उघडायचा. तोवर काकवी खायची. मालकांच्या घरातून गरम भाकरी आली होती. वीस मिनिटांचा पाऊण तास झाला.

काहिलीजवळ उभं राहिलं की चिकट तुषार उडतात. फिल्टर लावूनच जायचं. घरी गेल्यावर फिल्टर कोमट पाण्याने धुवायचा, कोरडा घासला तर साखर काच खरवडते. आणि कपाटात ठेवताना सिलिका जेल बघायचं. बाबा लेन्सच्या कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचे. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहायची, बुरशी धरायची नाही. मी दोन वर्षांपूर्वी वीज वाचावी म्हणून तिथं एलईडी लावला. उजेड पडतो, ऊब नाही. त्या पावसाळ्यात एका लेन्सला आतून कोळ्याच्या जाळीसारखी बुरशी चढली, तेव्हा उमगलं की बल्ब उजेडासाठी नव्हताच.

६ जानेवारी

कामाला खरी कॉर्नरकडे गेलो होतो. कॅमेऱ्याच्या स्मारकाशी गाडी थांबवली. शंभरदा त्यावरून गेलो असेन. चित्रकार आणि सिनेमावाले बाबुराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुरावांनी शिष्य दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं, १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. कोल्हापुरातल्या लेथवर. आज माझ्या स्पॉटमॅटिकच्या झडपेचा एक स्क्रू हरवला तर मी तीन आठवडे पार्सलची वाट बघतो.

समोरच्या चहावाल्याने विचारलं, "स्मारकाचा फोटो काढायचाय काय? त्या बाजूनं ऊन चांगलं पडतंय, सकाळी या." गावात सगळेच कॅमेरामन.

११ जानेवारी

मामांना घेऊन पुन्हा प्रयत्न. याशिका, एफ ८. पत्र्याचं एक पान मालकांनी बाजूला सरकवून दिलं म्हणून वरून उजेड आला, एक-पंधरांश सेकंद. काहिलीचा पृष्ठभाग, त्यावर मामांचा झुकलेला हात. दोन बोटं वर, आठवणीने.

या लेन्सची घडण टेसरची. चार काचा, तीन गट. झाईसमध्ये पॉल रुडॉल्फनी १९०२ मध्ये बसवलेलं गणित, जगभरच्या कारखान्यांनी उचललं. एफ ३.५ वर कोपरे सैल असतात. आठवर आणली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेल्या चादरीसारखी. चारच काचांत हे जमवलं आहे म्हणून मला तिचं जास्त कौतुक.

मामांचं आदण उतरायच्या बेतात होतं, तेव्हा तीन फ्रेम घेतल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ याच गुऱ्हाळाचा. रात्री प्रिंट काढले.

बाबांचा एन्लार्जर, लाल दिवा, तीन तसराळी. काहिलीचा फोटो बारा बाय बारा इंचांवर. कागद डेव्हलपरमध्ये सरकवला, तसराळं हलवत राहिलो. आधी काहिलीची कड आली, मग हात, मग वीस-पंचवीस सेकंदांनी बुडबुडे, एकेक. प्रत्येक बुडबुड्यावर पत्र्याच्या फटीचं छोटं प्रतिबिंब. भिंग लावून बघितलं तर त्या प्रतिबिंबालाही कडा होत्या. मी लाल उजेडात उभा राहून हसत होतो, एकटाच. बाहेरून आईने विचारलं, "कोण आहे रे आत?"

जळव्याचा टाकुमारवाला फोटोही काढला. दाराचा उजेड दाबायला बाकीचा कागद हाताने झाकून तेवढ्याच जागेला जास्त वेळ दिला. चार कागद वाया गेले. पाचवा बरा.

मागे पेन्सिलने शीर्षकं लिहिली. काहिलीच्या फोटोमागे : "आदण उतरताना. गुळव्या मामा."

२१ जानेवारी

प्रिंट घेऊन गेलो. जेवणाची सुट्टी होती. सगळे चिपाडाच्या ढिगावर बसलेले. हात धुऊनच प्रिंट घ्यायचे असं मालकांनी सगळ्यांना बजावलं.

माझा लाडका फोटो, नोव्हेंबरातला थरांच्या वाफेचा, मामांनी हातात धरला, लांब केला, जवळ केला. "धुकं पडलंतं व्हय त्या दिशी?" आणि पुढे सरकवला. कुणीच त्याच्यावर थांबलं नाही.

जळव्याने आपला फोटो घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ह्या खड्ड्यात बारा वर्सं बसतोय. वरनं कुणाला माझं तोंड दिसत न्हाई." कागद छातीशी धरून तो मोटारसायकलच्या डिकीकडे गेला, डिकीत मावेना म्हणून परत आला, मग मालकांच्या घरात ठेवायला दिला.

काहिलीचा फोटो मामांनी मांडीवर ठेवला. चष्मा नाही. बोट बुडबुड्यांच्या वर, कागदाला न लावता फिरवत राहिले. मी शेजारी बसलो. काय आवडलं म्हणतील याची वाट बघत होतो.

"पाव्हणं, मागं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. "आदण उतरताना."

"कुठलं उतरताना? बगा की हिकडं." बोट डाव्या कोपऱ्यावर आलं. "हितं बुडबुडं मोठं हाईत, हितं बी. कडंला फेस पांढरा हाय. पाणी हाय अजून ह्यात. दहा-बारा मिन्टं तरी बाकी." मग उजव्या बाजूला सरकले. "आन् हितनं आच जास्त लागलीया, हितलं बारीक झाल्यात. त्या दिशी चिपाड वलं हुतं, जाळ एकाच अंगाला लागत हुता." जळव्याकडे बघून ओरडले, "आरं, आठीवतंय का?"

जळव्याला आठवत होतं.

मी खिशातून पेन्सिल काढली. आधीचं खोडलं. मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो : तिसरं आदण. चिपाड ओलं. उजवीकडे आच जास्त. उतरायला दहा-बारा मिनिटं बाकी.

"आणि तारीक टाका," मामा म्हणाले.